बाहुल्यांच्या घराची माडी

कोणतीहि वस्तु पुरी झाली असें म्हणण्याचा अधिकार कोणाचा? ती घडविणाऱ्याचा, कीं वापरणाऱ्याचा? पंडितांच्या सभेंत हा प्रश्न निघाला असता, तर मीं तो आदरानें ऐकला असता आणि घरीं येईपर्यंत विसरूनहि गेलों असतों. परंतु तो माझ्यापुढें मांडला एका सात वर्षांच्या मुलीनें. आणि नुसता मांडला नाहीं, तर उत्तर आजच्या आज हवें म्हणून हट्ट धरला. तेव्हां उत्तर देणें भाग पडलें. तें बरोबर होतें कीं चूक, याविषयीं माझा मनाशीं चाललेला वाद अद्याप मिटलेला नाहीं. एकट्यानें वाद घालून कंटाळलेला मनुष्य शेजाऱ्याला हांक मारतो, तशी मी आज वाचकांना हांक मारीत आहें.

वादाचें मूळ म्हणजे आमच्या साताऱ्याच्या घरांतील बाहुल्यांचें एक लांकडी घर. १९६० सालीं माझ्या वडिलांनीं तें माझ्या धाकट्या बहिणीसाठीं केलें. वडील शाळेंत चित्रकला शिकवीत. सुतारकामाची हौस त्यांना त्याहून जुनी. एका फुटास एक इंच असें प्रमाण धरून त्यांनीं आमच्याकडील जुन्या वाड्याची एक लहानशी प्रतिकृति उभी केली. पुढें ओटी, मग सोपा, त्याच्या मागें माजघर, एका अंगास देवघर व स्वयंपाकघर, आणि शेवटीं पडवी. भिंती चहाच्या खोक्यांच्या पातळ फळ्यांच्या. खांब मात्र सागवानी, कोणा सुताराकडून मागून आणलेल्या तुकड्यांचे. वर खरा कडीपाट होता, म्हणजे बोटाएवढ्या कड्या ओळीनें बसवून त्यांवर पाट्या ठोकलेल्या. त्याच्यावर उतरतें छप्पर, आणि छपरावर पत्र्याचीं कापून गेरूनें रंगविलेलीं मंगलोरी कौलें. दर्शनी भिंत बिजागऱ्यांवर उघडे, व आंतला संसार दिसूं लागे. चूल, जातें, पाटा-वरवंटा, समया, देव्हारा, कांहींहि राहिलें नव्हतें. पाहावयास येणारा प्रत्येक जण म्हणे, "आतां ह्यांत कांहीं कमी नाहीं." वडील त्यावर बोलत नसत, पण तें वाक्य त्यांना आवडे, हें आम्हां मुलांना कळत असे.

कमी एकच गोष्ट होती, आणि ती त्या वेळीं कोणाच्या लक्षांत आली नाहीं. माझी बहीण त्या घरांत कधीं खेळली नाहीं. रविवारीं दुपारीं, हात स्वच्छ धुऊन, वडील समोर बसले असतांना, तिला दर्शनी भिंत उघडण्याची परवानगी असे. ती उघडी, एक-दोन भांडीं इकडचीं तिकडे करी, आणि पुन्हां जागच्या जागीं ठेवी. एखादा खांब हलेल, एखादें कौल निघेल, या धास्तीनें तिचे हात इतके जपून चालत, कीं तो खेळ आहे कीं देवपूजा असा संशय यावा. तिचा खरा खेळ परसांतल्या पायरीवर चाले. चार विटा उभ्या केल्या कीं झालें घर. नारळाच्या करवंट्या हीं भांडीं. पारिजातकाचीं फुलें हा भात. तें घर रोज मोडे आणि रोज नव्यानें बांधलें जाई. कधीं त्याला दोन खोल्या असत, कधीं पांच. आणि एकदां आमच्या मांजरीस पिलें झालीं तेव्हां त्यांत बाळंतिणीची खोलीहि निघालेली मीं पाहिली आहे. लांकडी घर ती पाहुण्यांना दाखवी. विटांच्या घरांत ती राही. ती जाऊन आतां वीस वर्षें होऊन गेलीं. वडील त्याच्या पुष्कळ आधीं गेले. लांकडी घर कोनाड्यांत तसेंच राहिलें. एकहि कौल निघालें नाहीं.

जगांतल्या नामांकित बाहुलीघरांची कथा याहून निराळी नाहीं. ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयांत सतराव्या शतकाच्या अखेरीचें एक बाहुलीघर आहे. पेट्रोनेला ओर्टमन नांवाच्या धनिक स्त्रीनें तें स्वतःसाठीं सजविलें, मुलांसाठीं नव्हे. विंडसरच्या राजवाड्यांतील मेरी राणीचें बाहुलीघर १९२४ सालीं पुरें झालें; त्याचा आराखडा नवी दिल्ली रचणाऱ्या लट्यन्स यांचा. त्याचेंहि प्रमाण एका फुटास एक इंच. नळाला पाणी येतें, दिवे लागतात, पुस्तकालयांतील चिमुकलीं पुस्तकें खऱ्या लेखकांनीं स्वहस्तें लिहून दिलेलीं आहेत. त्यांत कोणी मूल कधीं खेळलें असेल असें वाटत नाहीं. खेळावें अशी कोणाची अपेक्षाहि नव्हती. पूर्णतेचा हा एक विचित्र धर्म दिसतो. जी वस्तु सर्वांगीं पुरी असते तिला आपली गरज उरत नाहीं, आणि जिला आपली गरज नाहीं तिच्यापुढें आपण फक्त उभे राहूं शकतों. पण हें तत्त्वज्ञान मला फार पुढें सुचलें. २०२१ च्या दिवाळींत मी दुसऱ्याच पक्षांत होतों.

माझी मुलगी सांगलीस दिली आहे. तिचें घर गांवभागांत, नदीपासून फार दूर नव्हे, आणि एकमजली. सांगलीकरांना कृष्णेच्या पाण्याचें माप निराळें शिकवावें लागत नाहीं. १९२९ सालीं झालेल्या आयर्विन पुलाशीं तें मोजतात. चाळीस फुटांस इशारा, पंचेचाळीस फुटांस धोका, हें तेथील लहान मुलेंहि पाढ्यासारखें सांगतात. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांवर गेलें. माझी नात त्या वेळीं पांच वर्षांची होती. शेजारच्या दुमजली घरांतील मंडळींनीं आपली माडी उघडली, म्हणून तीन रात्री हीं माणसें तेथें राहिलीं. चौथ्या दिवशीं बोट आली. मुलीच्या बाहुल्या खालीं पेटींत राहिल्या होत्या. पाणी उतरल्यावर पेटी सांपडली. पण आंतील चिंध्यांना आणि गाळाला बाहुल्या म्हणणें कठीण होतें. दोन वर्षांनीं, २०२१ च्या जुलैंत, पाणी पुन्हां पन्नास फुटांच्या वर चढलें आणि पुन्हां शेजारची माडी उघडली. त्यानंतरच्या दिवाळींत नात साताऱ्यास आली आणि कोनाड्यांतलें घर तिच्या नजरेस पडलें.

मीं तें उघडून दाखविलें. ओटी, सोपा, माजघर, देवघर, सारें समजावून सांगितलें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "आजोबा, ह्यांच्या घरात पाणी आलं तर ही माणसं कुठं जाणार?"

मी म्हणालों, "अगं, साताऱ्याला पूर येत नाहीं. आपलं गांव अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं, उंचावर आहे."

"पण पाणी तर इथूनच येतं ना?"

याला उत्तर नव्हतें. माहुलीच्या संगमावरून जें पाणी आपल्या डोळ्यांदेखत शांतपणें जातें, त्यालाच कऱ्हाडास कोयना आणि हरिपुरास वारणा मिळून सांगलींत पूर येतो. वरच्या गांवास जो देखावा असतो, तो खालच्या गांवास प्रसंग होतो. ती म्हणाली, "ह्यांना माडी बांधू या." मी म्हणालों, "पाहूं."

"पाहूं" हा मोठ्या माणसांचा नकार होय. तो देतांना आपण दुष्ट ठरत नाहीं, आणि वेळ मिळतो. त्या मिळालेल्या वेळांत मी माझीं कारणें तपासूं लागलों. पहिलें कारण असें कीं, ही वस्तु वडिलांच्या हातची आहे. तिच्यांत भर घालणारा मी कोण? अशा वेळीं एक सोयीची वाट सर्वांनाच ठाऊक असते. "त्यांना आवडलंच असतं," असें म्हणावयाचें आणि कामास लागावयाचें. मेलेल्या माणसाच्या तोंडीं आपला होकार घालण्याइतकें सोपें दुसरें कांहीं नाहीं. तो नाहीं म्हणावयास येत नाहीं. मृत्युपत्रांपासून स्मारकांपर्यंत ही युक्ति राजरोस चालते. पण मी माझ्या वडिलांना ओळखत होतों. त्यांना तें आवडलें नसतें. एका मुलीच्या भीतीसाठीं त्यांनीं मापून जुळविलेलें छप्पर उचलावें आणि मध्यें एक मजला खुपसावा, हें त्यांना असह्य झालें असतें; ते रागावले नसते, पण त्या दिवशीं जेवलेहि नसते. करावयाचें असेल तर हें ओळखून करावयाचें होतें.

दुसरें कारण अधिक तात्त्विक होतें, आणि तें वाईच्या माझ्या एका शास्त्री मित्राशीं बोलतांना स्पष्ट झालें. वाईस अजून असे लोक आहेत, कीं ज्यांच्याशीं बाहुलीघराविषयीं बोलूं लागलें तरी गोष्ट न्यायशास्त्रापर्यंत जाते. ते म्हणाले, "तुम्ही माडी चढविली, तर तें तुमच्या वडिलांचें घर राहणारच नाहीं." न्याय-वैशेषिकांचें म्हणणें असें कीं, अवयव आणि अवयवी हे दोन भिन्न पदार्थ होत. तंतूंच्या संयोगानें पट उत्पन्न होतो. पण त्या पटांत आणखी एक तंतु विणला, तर पहिला पट वाढला असें समजूं नये. पहिला नष्ट झाला आणि दुसरा, मोठा पट उत्पन्न झाला. लोक "तोच हा" म्हणतात तें केवळ सादृश्यामुळें. न्यायसिद्धान्तमुक्तावलींत याचें कारणहि दिलें आहे. नवा तंतु घालतांना विणकराच्या साधनाचा जो ठोका बसतो, त्यानें आधींच्या तंतूंचे संयोग तुटतात. संयोग तुटला कीं पट गेला. शरीराचेंहि असेंच. वाढतें मूल म्हणजे क्षणोक्षणीं नवें शरीर. मीं विचारलें, "आणि मिलिंद राजाच्या रथाविषयीं नागसेन काय म्हणाला?" शास्त्री हंसून म्हणाले, "त्याच्या मतें तर तुमच्या वडिलांचें घरहि कधीं नव्हतें. नुसत्या फळ्या, खिळे आणि एक नांव. तुम्हांला त्यांतला कोणता पक्ष परवडेल तो घ्या."

मला दोन्ही परवडत नव्हते. पण त्या ठोक्याची गोष्ट डोक्यांत राहिली. भर घालणारा मनुष्य नेहमीं असें भासवितो, कीं आपण जुन्याला हात लावला नाहीं, नुसती शेजारीं एक वस्तु ठेविली. कायद्यांत कलम घालणारे असोत, मंदिरापुढें सभामंडप काढणारे असोत, कीं जुन्या ग्रंथांत दोन श्लोक सारणारे असोत, सर्वांची हीच भाषा. नैयायिक म्हणतात तें त्यांच्या कानीं घालण्यासारखें आहे. नवें घालावयाचें तर जुन्या सांध्यांना ठोका बसणारच.

आमच्या साताऱ्यासच याचें एक मोठें उदाहरण उभें आहे. प्रतापसिंह महाराजांचा जुना राजवाडा आणि त्याला लागून त्यांचे बंधु आप्पासाहेब यांच्या कारकीर्दींत पुरा झालेला नवा राजवाडा. १८३९ मध्यें इंग्रजांनीं प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीस धाडलें आणि धाकट्या भावास गादीवर बसविलें, हें ज्याला माहीत आहे त्याला ती जोडइमारत पाहून केवळ शिल्पाचा विचार करतां येत नाहीं. दगड दगडाला चिकटून बसले आहेत. माणसें तशीं बसलीं नाहींत. सगळीच भर प्रेमानें घातलेली नसते. माझी कोणत्या जातीची होती, हें मला ठरवावयाचें होतें.

या प्रश्नावर आधुनिक जगानें एक तोड काढली आहे. १९६४ सालीं व्हेनिस येथें जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीं एक सनद तयार झाली. तिचें सार असें कीं, नवी भर अपरिहार्यच असेल तर ती नवी म्हणून ओळखूं यावी. जुन्याचें सोंग तिनें घेऊं नये. पुढें जतन करणाऱ्यांनीं आणखी एक पथ्य पाळावयास सुरुवात केली, तें असें कीं जें जोडाल तें पुन्हां काढतां यावें. मला हा मार्ग फारच पसंत पडला. छप्पर चुकांनीं बसविलेलें होतें; चुका अलगद काढून छप्पर उचलावयाचें, मध्यें चार भिंतींचा मजला खुंट्यांवर ठेवावयाचा, आणि वर पुन्हां तेंच छप्पर. खालच्या घराच्या एका पाटीसहि ओरखडा जावयाचा नाहीं. उद्यां कोणास वाटलें तर खुंट्या उपसल्या कीं वडिलांचें घर जसेंच्या तसें. मृताचा मान राहिला आणि जिवंताचा हट्ट पुरला. असा तोडगा सांपडला कीं मनुष्यास आपण नीतिमान् असल्याचा भास होतो.

मीं कागदावर आराखडा काढून नातीस दाखविला. तिनें विचारलें, "जिना कुठंय?"

"जिना बाहेरून. शिडी लावूं."

"शिडी वाहून जाते," ती म्हणाली. तिनें तें पाहिलें होतें. २०१९ सालीं त्यांच्या बोळांतून एक शिडी तरंगत गेली होती, हें तिच्या आईनें मला पुढें सांगितलें. "आतून जिना पाहिजे. सोप्यातून."

आंतून जिना म्हणजे कडीपाट कापावा लागणार. काढतां येण्याजोगी भर आणि चढतां येण्याजोगी माडी या दोन्ही गोष्टी एकदम होत नाहींत, हें सनद लिहिणाऱ्यांना ठाऊक असेलच; मला सात वर्षांच्या मुलीकडून कळावें लागलें. ज्या माडीवर खालच्या माणसांना जातां येत नाहीं ती माडी नव्हे, खालच्यांच्या डोक्यावर ठेविलेलें दुसरें घर होय. माझा तोडगा वडिलांच्या घराशीं प्रामाणिक होता, बाहुल्यांशीं नव्हता. "पण त्या बाहुल्या!" असें कोणी म्हणेल. मीहि म्हटलें. परंतु मग तें घरहि लांकडाचें खोकेंच होय, आणि खोक्याला भोंक पडलें म्हणून कोणीं शोक करूं नये. घर खरें मानावयाचें आणि त्यांत राहणारीं माणसें खोटीं, हा न्याय मी कोणत्या तोंडानें सांगणार होतों?

सांगलीचेच एक उदाहरण मला त्या वेळीं आठवलें. विष्णुदास भावे यांना आपण १८४३ च्या 'सीतास्वयंवरा'मुळें मराठी रंगभूमीचे जनक म्हणून ओळखतों. त्यांनीं लांकडी बाहुल्याहि घडविल्या होत्या, हें फार थोड्यांना माहीत असतें. त्या बाहुल्या पुढें दीर्घकाळ पडून राहिल्या. रामदास पाध्ये यांनीं त्या दुरुस्त करून त्यांचा खेळ पुन्हां उभा केला. त्या तशाच कांचेंत ठेविल्या असत्या, तरी कोणीं नांवें ठेविलीं नसतीं. उलट मान राखला असेंच म्हटलें असतें. पण नाचण्यासाठीं केलेली बाहुली न नाचविणें हा मान कीं उपेक्षा? येथें माझ्यांतला वादी मला अडवितो आणि म्हणतो, दुरुस्ती निराळी आणि भर निराळी. पाध्यांनीं भाव्यांच्या सीतेला तिसरा हात बसविला नाहीं. तें खरें आहे. तेव्हां या उदाहरणाचा आधार मी अर्धाच घेतों.

माझ्या मुलीचा आक्षेप वेगळ्या दिशेचा होता, आणि तो मला जड गेला. ती म्हणाली, "बाबा, तिच्या मनातून पूर काढायचा, तर तुम्ही तो बाहुल्यांच्या घरातही आणताय." आई म्हणून तिचें म्हणणें योग्यच होतें. मुलांचा खेळ तरी निर्भय असावा, असें कोणास वाटणार नाहीं? पण त्याच वेळीं आमच्या अंगणांत आळींतलीं मुलें दिवाळीचा किल्ला करीत होतीं. दगड, माती, वर अळीव पेरून केलेली हिरवळ, सिंहासनावर महाराज, आणि उतारावर मावळे. त्या किल्ल्याला एक चोरदरवाजा होता. मुलांच्या किल्ल्याला तो नेहमींच असतो. कधीं कधीं महादरवाज्याच्या आधीं तोच होतो. शत्रूची भीति मनांत भरेल म्हणून कोणी आई तो बुजवीत नाहीं. निसटावयास वाट ठेवणें हा भीतीचा खेळ नव्हे; वाट नसणें ही भीति. मीं हें मुलीस सांगितलें. तिला तें पटलें असें मी म्हणणार नाहीं. तिनें फक्त सुतारकामाच्या पेटीची किल्ली कोठें आहे तें सांगितलें.

आणखी एक युक्तिवाद मला सुचला होता, तो येथें नमूद करून ठेवतों. आपल्या परंपरेनें पितृऋण सांगितलें आहे, आणि तें फेडण्याचा मार्ग मागें नव्हे, पुढें दाखविला आहे. पितरांचें ऋण फिटतें तें संततीनें. तेव्हां वडिलांचें देणें मीं नातीस दिलें तर हिशेब चुकता झाला. हा युक्तिवाद इतका सुबक आणि मला इतका सोयीचा होता, कीं मीं त्यावर विश्वास ठेविला नाहीं. ऋण फेडतों असें म्हणत धनकोच्या इच्छेविरुद्ध त्याचा माल कापणें, याला व्यवहारांत निराळें नांव आहे. मीं कापला तो मुलीस जिना हवा होता म्हणून. आणि वडिलांना तो नको वाटला असता, हें माहीत असून कापला.

जिन्याची जागा सोप्याच्या मागल्या कोपऱ्यांत धरली. तेथें दोनच कड्या तोडाव्या लागणार होत्या. वडिलांचीच बारीक पात्याची करवत, आणि पटाशीहि त्यांचीच. पहिली कडी मीं कापली. दुसरीस नातीचा हात माझ्या हाताखालीं होता, आणि अर्ध्यावर आल्यावर तिनें माझा हात बाजूला केला. काप वांकडा गेला. गुण्या लावून पाहिला, तर काटकोनांत पाव इंचाचा फरक. मीं कानस उचलली, पण ती म्हणाली, "राहू दे, माणसं जातात त्यातनं."

छप्पर उचललें तेव्हां एक गोष्ट दिसली. माजघराची मागली भिंत वरच्या अंगास दोन बोटें कमी पडली होती, आणि तेथें निराळ्या लांकडाची एक पट्टी सरसानें चिकटवून, वर रंगाचा हात मारून, सांधा झांकला होता. साठ वर्षें ती पट्टी कोणास दिसली नव्हती. "आतां ह्यांत कांहीं कमी नाहीं," असें म्हणणाऱ्यांपुढें वडील गप्प कां राहत, याचें एक कारण कदाचित् हेंहि असेल. याचा फार अर्थ काढूं नये. फळी कमी पडली असेल, आणि महिनाअखेर असेल. त्यावरून मला त्यांची संमति मिळाली असें मी समजत नाहीं. पण ती पट्टी पाहिल्यावर माझ्या हाताची थरथर थांबली, हेंहि खरें.

नवा मजला आठ दिवसांत उभा राहिला. खोक्याच्या नव्या फळ्या पांढुरक्या दिसत होत्या. खालचें जुनें लांकूड मधासारखें पिकलेलें. चहाच्या पाण्याचे दोन हात दिले असते तर नव्याचा रंग जुन्यांत मिसळला असता, आणि मीं पाणी उकळावयास ठेविलेंहि होतें. व्हेनिसची सनद मी त्या घटकेस पार विसरलों होतों. सांधा झांकण्याची हौस बहुधा आमच्या घराण्यांत असावी. नातीनें विचारलें, "हे कशाला?" मीं सांगितलें, "म्हणजे सगळं एकाच वेळीं केल्यासारखं दिसेल."

"मग हे मी केलंय हे कळणार कसं?"

तो चहा आम्हीं प्यालों. मजला पांढुरकाच राहिला. वर वडिलांचें गेरूचें छप्पर, खालीं वडिलांचा वाडा, आणि मध्यें हा उजळ पट्टा. पंधरा पावलांवरूनहि नजरेंत भरतो. खिडक्या सारख्या उंचीवर नाहींत. कठडा तिनें आगकाड्यांचा केला. जिन्यास अकरा पायऱ्या आहेत, त्यांपैकीं चौथी थोडी कलती. पाहणारा कोणी आतां "कांहीं कमी नाहीं" असें म्हणत नाहीं. "हें काय मध्यें?" असें विचारतात, आणि मग सांगावें लागतें.

भाऊबीजेच्या संध्याकाळीं गृहप्रवेश झाला. सर्वांत आधीं जातें वर गेलें, मग देव, माणसें मागाहून. "माणसं चालत येतात," असा तिचा खुलासा. घरच्या चार बाहुल्या वर बसल्या, आणि मला वाटलें काम झालें. पण तिनें भातुकलीच्या डब्यांतून आणखी बाहुल्या काढल्या, सावंतवाडीचा लांकडी बैल आणला, आणि शेवटीं अंगणांत जाऊन किल्ल्यावरचे मातीचे मावळे ओंजळीनें घेऊन आली. मी म्हणालों, "अगं, हे ह्या घरचे नव्हेत."

"शेजारचे आहेत," ती म्हणाली.

मावळे प्रमाणाबाहेर मोठे होते. दोघे कसेबसे वर गेले. तिसरा ढालीसकट जिन्यांत अडकला. तिनें त्याला आडवा करून पाहिला, उलटा करून पाहिला. मग भोंकाकडे निरखून पाहिलें, बोटांनीं माप घेतलें, आणि मीं करवत कोठें ठेविली आहे असें मला विचारलें.